कीतोच्या जुन्या शहरात दोन दिवस: चढावर श्वास सांभाळत कसे फिरावे

इक्वेडोरच्या राजधानीचे नाव आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत ‘क्विटो’ असे छापलेले असते, पण तिथली माणसे ‘कीतो’ म्हणतात आणि रस्ता विचारताना तोच उच्चार कामी येतो. पिचिंचा ज्वालामुखीच्या पूर्वेकडच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २८५० मीटर उंचीवर हे शहर वसले आहे. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली बारा ठिकाणे जाहीर केली, तेव्हा त्यांत ऐतिहासिक नगरकेंद्रे दोनच होती: पोलंडमधले क्राकूफ आणि हे कीतो. एवढे असूनही गालापागोस बेटांकडे निघालेले बहुतेक प्रवासी या जुन्या शहराला अर्धा दिवस देतात, दहा चर्चच्या दारांवरून फिरतात आणि सगळी सारखीच वाटली असे म्हणत विमान पकडतात. माझे मत असे की, इथे पूर्ण दोन दिवस द्यावेत, चर्च चारच पाहावीत, आणि ती पाहताना एक प्रश्न मनात धरावा: आराखडा स्पेनहून आला खरा, पण दगड फोडले, लाकूड कोरले आणि सोन्याचा वर्ख चढवला तो कोणाच्या हातांनी? हा प्रश्न सोबत असला की या शहराची प्रत्येक भिंत निराळी दिसू लागते.

निघण्याआधी

भारतातून कीतोला थेट विमान नाही. माद्रिद किंवा ॲमस्टरडॅमवरून जाणे सोयीचे पडते, मात्र वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहून घ्यावे. इक्वेडोरच्या व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत बदलत आले आहेत. त्यामुळे ओळखीच्या कुणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नये आणि नवी दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाकडूनच खात्री करावी.

ज्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ती म्हणजे पिवळ्या तापाची लस. कीतो इतक्या उंचीवर आहे की तिथे हा ताप पसरवणाऱ्या डासांची धास्ती नसते, म्हणून अनेकांना ही लस अनावश्यक वाटते. परंतु भारत सरकारच्या यादीत इक्वेडोर हा पिवळ्या तापाचा देश आहे आणि तिथून परतणाऱ्याजवळ लसीचे प्रमाणपत्र नसेल, तर मुंबईत उतरल्यावर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस ठरावीक सरकारी मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते, म्हणून महिनाभर आधी वेळ घ्यावी. प्रमाणपत्राचे ते पिवळे पुस्तक पासपोर्टसोबत हातातल्या पिशवीत ठेवावे. मोठ्या बॅगेत कदापि टाकू नये.

इक्वेडोरने २००० सालापासून अमेरिकन डॉलर हेच चलन स्वीकारले आहे, त्यामुळे पैसे बदलण्याचा खटाटोप वाचतो. मात्र छोट्या दुकानांत वीस डॉलरची नोटही सहज मोडून मिळत नाही, पन्नास आणि शंभरच्या नोटा तर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. एक, पाच आणि दहाच्या नोटा घेऊन जावे. सुटे म्हणून इक्वेडोरची स्वतःची सेंताव्हो नाणी आणि अमेरिकेतही क्वचित दिसणारी एक डॉलरची सोनेरी नाणी हातात पडतील. ती खरीच असतात आणि सगळीकडे चालतात.

हवामानाच्या बाबतीत विषुववृत्त हा शब्द दिशाभूल करतो. वर्षभर दुपारी साधारण वीस अंश आणि रात्री दहाच्या आसपास, असे तिथले मान असते. जून ते सप्टेंबर कोरडे दिवस. मार्च-एप्रिलमध्ये पाऊस अधिक आणि तो बहुधा दुपारनंतर येतो. त्यामुळे कोणत्याही महिन्यात गेलात तरी उघड्यावरची ठिकाणे सकाळी आणि चर्च-संग्रहालये दुपारी, असा क्रम ठेवावा. स्वेटर, पातळ रेनकोट आणि टोपी या तिन्ही वस्तू रोज सोबत असाव्यात. गारवा आहे म्हणून उन्हाची फिकीर न करणाऱ्यांची कातडी पहिल्याच दिवशी भाजते, कारण इथले ऊन उंचीमुळे विरळ हवेतून आणि जवळजवळ डोक्यावरून येते. आपल्याकडे मे आणि जुलैमध्ये शून्य सावलीचे जे दोन दिवस येतात, ते इथे मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आगेमागे येतात आणि भर दुपारी चौकातल्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली गोळा होते.

पहिला दिवस: आधी उंचीची सवय

महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे. कीतोचा रस्ता त्याहूनही बाराशे मीटर वर आहे आणि विमानातून उतरताच आपण थेट तिथे असतो. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही थोडा कमी असतो. डोके जड होणे, जिना चढताना धाप लागणे, पहिल्या रात्री झोप तुटक येणे हे बहुतेकांना होते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. पाणी भरपूर प्यावे, जेवण हलके असावे, मद्य टाळावे आणि चालण्याचा वेग निम्मा करावा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शहराच्या पश्चिमेला पिचिंचाच्या उतारावर चार हजार मीटरच्या घरात नेणारी तेलेफेरिको नावाची केबल कार आहे; ती पहिल्या दिवशी मुळीच घेऊ नये. ज्यांनी भाड्याची खोली घेऊन स्वयंपाक करायचे ठरवले असेल, त्यांनी हेही ध्यानात ठेवावे की या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या सुमारास उकळते आणि कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही.

विमानतळ शहरापासून दूर, ताबाबेला येथे आहे. तिथून टॅक्सीने मुक्कामी यावे आणि पुढची फिरस्ती पायी किंवा मेट्रोने करावी. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेली मेट्रो २२ किलोमीटरची आहे, तिचे तिकीट ४५ सेंट आहे आणि तिचे एक स्थानक थेट सान फ्रान्सिस्को चौकाच्या पोटात आहे. सरकत्या जिन्याने वर आलात की समोर सोळाव्या शतकातले शहर उभे असते. नव्या भागात राहणाऱ्यांना जुन्या शहरात येण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

सुरुवात मात्र प्लासा ग्रांदे या मुख्य चौकापासून करावी. ६ डिसेंबर १५३४ रोजी सेबास्तियान दे बेलाल्कासार याने इथे स्पॅनिश नगर स्थापले, तेव्हा आधीची वस्ती माघार घेणाऱ्या इंका सेनेने जाळून टाकलेली होती. स्पॅनिश रिवाजाप्रमाणे मधोमध चौक आणि भोवती काटकोनात रस्ते आखले गेले. मात्र ती चौकट दऱ्या आणि ओढ्यांनी चिरलेल्या डोंगरउतारावर पसरली. म्हणूनच नकाशावर सरळ दिसणारी वाट प्रत्यक्षात छातीवर येणारा चढ निघते. कित्येक ओढे पुढे बुजवले गेले. आजचा २४ मे हा रुंद रस्ता अशाच एका दरीवर उभा आहे.

चौकाच्या एका बाजूस कारोंदेलेत हा राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, दुसऱ्या बाजूस कॅथेड्रल, उरलेल्या दोन बाजूंस आर्चबिशपांचा वाडा आणि महापालिका. मध्ये १० ऑगस्ट १८०९ च्या स्वातंत्र्याच्या पहिल्या उठावाचे स्मारक. इथे बाकावर अर्धा तास बसावे, असा माझा आग्रह आहे. बूटपॉलिश करणारी मुले, वर्तमानपत्र वाचणारे पेन्शनर, लॉटरीचे तिकीट विकणाऱ्या बायका हे सगळे दृश्य कुठल्याही जिल्ह्याच्या गावातल्या नगर वाचनालयापुढचे वाटावे इतके ओळखीचे आहे. प्रासादाच्या जोत्यात, खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या पायाखाली, जुनी छोटी दुकाने आहेत. याच प्रासादापाशी ६ ऑगस्ट १८७५ रोजी राष्ट्राध्यक्ष गाब्रिएल गार्सिया मोरेनो यांच्यावर घाव घालण्यात आले आणि त्यांना उचलून समोरच्या कॅथेड्रलमध्ये नेले. कॅथेड्रलमध्ये आवर्जून पाहावी ती आंतोनियो होसे दे सुक्रे याची समाधी. २४ मे १८२२ रोजी पिचिंचाच्या उतारावर स्पॅनिश सैन्याचा पराभव करून त्याने हा देश मोकळा केला. पुढे सांतो दोमिंगो चौकात त्याचा पुतळा भेटेल. त्याचा हात त्या रणभूमीकडेच रोखलेला आहे.

ला कोंपान्यिया: सोने आणि त्यामागचे हात

चौकातून निघणाऱ्या गार्सिया मोरेनो रस्त्याला जुने लोक सात क्रुसांचा रस्ता म्हणतात, कारण त्याच्या कडेला दगडी क्रूस उभे आहेत. याच रस्त्यावर थोडे पुढे ला कोंपान्यिया दे हेसुस हे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे चर्च आहे. एकच चर्च पाहायचे असेल तर हे पाहावे. त्याचे काम १६०५ मध्ये सुरू झाले आणि १७६५ मध्ये संपले. म्हणजे जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकाचा अभिषेक ज्या वर्षी झाला, त्याच वर्षी त्याच जेझुइट संघाने पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला हा पाया खणला. ज्यांनी गोव्यातले चर्च पाहिले आहे, त्यांना तुलनेचा आनंद घेता येईल. तिथे जांभा दगड आहे, इथे ज्वालामुखीचा राखाडी दगड आहे. तिथे वेदी सोन्याने मढवलेली आहे, इथे भिंती, खांब आणि छतही वर्खाने झाकलेले आहे. १६० वर्षे बांधत राहिलेल्या जेझुइटांना हे पूर्ण झालेले चर्च जेमतेम दोन वर्षे लाभले. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने त्यांना आपल्या सगळ्या मुलखातून हद्दपार केले.

आत शिरताच झळाळीने डोळे दिपतात आणि माणूस वर पाहत पुढे सरकतो. तसे करू नये. दाराशी थांबून आधी नरकाचे मोठे चित्र पाहावे. मूळ चित्र १६२० चे, आता तिथे आहे ती १८७९ मधली प्रत. प्रत्येक पाप्याच्या शेजारी त्याचे पाप लिहिलेले आहे, कारण ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना यातना पाहून कळावे आणि ज्यांना येत होते त्यांना नाव वाचून. मग खांबांच्या पृष्ठभागाकडे जवळून पाहावे. एकमेकांत गुंतलेले भौमितिक पट्टे अरबी वळणाचे आहेत. आठशे वर्षांच्या मुस्लिम संपर्कातून स्पेनने जे घेतले, ते कारागिरीच्या रूपाने अँडीजमध्ये येऊन पोहोचले. जानेवारी १९९६ मध्ये डागडुजी चालू असतानाच इथे आग लागली आणि नंतर बराच भाग पुन्हा उभा करावा लागला. आज दिसणारे काही सोने त्या दुरुस्तीतले आहे. प्रवेशशुल्क असते. छायाचित्रांबाबत दाराशी विचारून घ्यावे, आणि प्रार्थना चालू असेल तर ती संपेपर्यंत बाहेर थांबावे.

सान फ्रान्सिस्को: एक दगड कमी

दोन-तीन मिनिटांच्या चढावर सान फ्रान्सिस्को चौक लागतो. स्पॅनिश येण्याआधी इथे बाजार भरत असे. चर्च आणि मठाचे काम नगर स्थापल्यावर दोन-तीन वर्षांतच सुरू झाले. ते सुरू करणारा होदोको रिके हा फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचा, संन्यासी होता, आणि कीतोच्या मातीत पहिला गहू त्यानेच पेरला असे सांगितले जाते. या संन्याशांनी शाळा काढून स्थानिक मुलांना चित्रकला, कोरीवकाम, संगीत शिकवले आणि त्यातूनच पुढे कीतो शैली म्हणून ओळखली गेलेली कला उभी राहिली.

दाराकडे जाणाऱ्या गोल दगडी पायऱ्यांवर बसून कांतुन्या याची कथा आठवावी. कांतुन्या हा स्थानिक बांधकाम करणारा. अंगण ठरल्या मुदतीत पुरे होईना, तेव्हा त्याने सैतानाशी करार केला: रात्रीत काम झाले तर आत्मा तुझा. रात्रभर दगड बसत गेले. पहाटेची घंटा वाजली तेव्हा मात्र एक दगड बसायचा राहिला होता. काम अपुरे म्हणून करार मोडला आणि कांतुन्या सुटला. इतिहासाच्या दृष्टीने ही दंतकथाच आहे. तरीही शहराने आपल्या सर्वांत जुन्या वास्तूची जी गोष्ट जपली, तिचा नायक स्थानिक कारागीर आहे, ही गोष्ट मला त्या वास्तूइतकीच मोलाची वाटते.

आत मुख्य वेदीवर बेर्नार्दो दे लेगार्दा याने १७३४ मध्ये घडवलेली पंख असलेली मेरी आहे. वेदीच्या मानाने मूर्ती लहानशी आहे, पण तिची मुद्रा पाहावी: मेरीच्या मूर्ती सहसा स्तब्ध उभ्या असतात, ही पावले टाकत नाचते आहे असे वाटते. मठातल्या संग्रहालयालाही तासभर द्यावा. तिथल्या लाकडी मूर्तींच्या गालांवर खऱ्या कातडीसारखी मऊ चमक आहे. रंगाचे थरावर थर देऊन, प्रत्येक थर मेंढ्याच्या मूत्राशयाच्या ओलसर कातडीने घासून ती आणली जात असे. या कामात अठराव्या शतकातल्या मानुएल चिली याचा हात धरणारा दुसरा नव्हता. तो मूळ रहिवासी समाजातला होता आणि कास्पिकारा या टोपणनावाने ओळखला जातो. किचवा भाषेत ‘कास्पी’ म्हणजे लाकूड. मूर्तीच्या हाताच्या शिरा आणि नखांच्या कडा पाहाव्यात, मग आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळू लागते.

जेवणखाण

शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, पण त्याने स्पष्ट बोलले पाहिजे. ‘सिन कार्ने’ एवढेच म्हटले तर ते लाल मांसापुरते समजले जाते आणि ताटात कोंबडी येते. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’, म्हणजे मांस, कोंबडी, मासा काही नको, असे तिन्ही म्हणावे आणि सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवले आहे का, हेही विचारावे. लोक्रो दे पापा हे बटाट्याचे दाट सूप चीज आणि ॲव्होकॅडो घालून देतात. थंडीत त्यासारखे दुसरे काही नाही. आपल्या उपवासाच्या ताटातले बटाटा आणि शेंगदाणा हे दोन्ही मुळात दक्षिण अमेरिकेतून आले, आणि बटाटा तर याच पर्वतांचा. ओल्या मक्याच्या वाटणाची, मक्याच्या पानात गुंडाळून वाफवलेली उमिता खाताना हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. दुपारी ‘आल्मुएर्सो’ म्हणून सूप, मुख्य पदार्थ आणि रस असे ठरलेले जेवण स्वस्तात मिळते. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात गेलात तर फानेस्का हे अनेक कडधान्यांचे सूप सगळीकडे दिसेल. त्यात खारवलेला मासा असतो, हे शाकाहाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

दुकानात शिरताना ‘बुएनोस दियास’ म्हटल्याशिवाय काही मागू नये. ‘सिगा नो मास’ असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ ‘या, आत या’. दुकानदाराला ‘वेसी’, म्हणजे शेजारी, अशी हाक मारतात. ती तुमच्या तोंडून ऐकली की चेहरा खुलतो.

दुसरा दिवस, आणि जपायच्या गोष्टी

दुसऱ्या दिवशी सकाळी, हवा स्वच्छ असताना, बासिलिका देल व्होतो नासियोनाल गाठावी. हे निओगॉथिक, म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन गॉथिक शैलीच्या धर्तीवरचे, चर्च एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेले आहे. त्याच्या भिंतींतून बाहेर झेपावणाऱ्या दगडी आकृतींत युरोपातले राक्षस नाहीत. कासव, इग्वाना, आर्मडिलो, माकड असे इक्वेडोरचेच प्राणी आहेत. वरच्या मनोऱ्यांवर जाण्याच्या शिड्या उभ्या आणि उघड्या आहेत. उंचीची भीती असलेल्यांनी घड्याळापर्यंत जाऊन थांबावे. जुने शहर तिथूनही पूर्ण दिसते.

दक्षिणेला पानेसियो टेकडीवर लेगार्दाच्याच मेरीची सुमारे सात हजार ॲल्युमिनियमच्या तुकड्यांची प्रचंड प्रतिकृती आहे. तिथे पायी चढून जाऊ नये. त्या पायऱ्यांवर लुटालूट होते. टॅक्सीने जावे आणि तीच टॅक्सी थांबवून परत यावे. पिवळी, नोंदणीकृत, मीटर असलेली टॅक्सीच घ्यावी. इक्वेडोरमधली सुरक्षिततेची स्थिती अलीकडे बिघडली आहे. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या सरकारने टोळ्यांविरुद्ध सशस्त्र संघर्ष जाहीर केला. म्हणून निघण्याच्या आठवड्यात परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचाव्यात. गर्दीत पाठपिशवी पोटाशी धरावी, मोबाइल हातात मिरवू नये, पासपोर्टची प्रत जवळ ठेवून मूळ प्रत मुक्कामी ठेवावी. संध्याकाळी ला रोंदा या अरुंद गल्लीत दिव्यांखाली बसून दालचिनीचे गरम पेय घ्यावे, मात्र परतताना टॅक्सी उपाहारगृहाकडूनच मागवावी आणि ओस पडलेल्या रस्त्यांनी चालत जाऊ नये.

परतण्यापूर्वी सान फ्रान्सिस्कोच्या मागच्या चढावर, हिरव्या क्रुसाच्या कोपऱ्याकडे एकदा जावे. तिथे कोलासियोनेस नावाची मिठाई जुन्या रीतीने बनवतात. निखाऱ्यावर दोऱ्यांनी टांगलेली रुंद धातूची परात, तिच्यात शेंगदाणे, आणि वरून थोडा थोडा सोडलेला साखरेचा पाक. कारागीर परात झोके दिल्यासारखी हलवत राहतो, मधूनच हाताने दाणे फिरवतो. पाक सुकतो, पुन्हा पाक पडतो, आणि तासा-दोन तासांनी प्रत्येक दाण्यावर खडबडीत पांढरे कवच चढते. संक्रांतीचा काटेरी हलवा घरी करताना आजीचा हात परातीत असाच फिरत असे. पाव किलो घ्यावी आणि कागदी पुडीतच ठेवावी. कोरड्या हवेत ती बरेच दिवस टिकते, मुंबईच्या दमट हवेत मात्र लगेच डब्यात भरावी लागते.